बाळंतिणीच्या खोलीतल्या काचा

आमच्या ठाण्याच्या घरात एक खोली अशी होती, की भर दुपारीही तिच्यात आपलाच हात आपल्याला दिसत नसे. खिडकी नाही, झरोका नाही. दार एकच, तेही माजघरात उघडणारं. ती बाळंतिणीची खोली. दादा तिथेच जन्मला, त्याच्या पाठची मीही तिथेच. पण घरात बाळंतपणं काही रोज होत नाहीत, आणि दादाने फोटो काढायचा धंदा मांडला तेव्हा त्याला नेमका तसलाच अंधार हवा होता. त्याने आत लाल काचेचा कंदील टांगला, फळीवर औषधांच्या बाटल्या मांडल्या आणि कोपऱ्यातल्या न्हाणीत काचा धुवायला सुरुवात केली. आई म्हणाली, "अरे, तिथे सटवी येते बाळाचं नशीब लिहायला, आणि तू तिथे गावच्या कारकुनांची तोंडं धुतोस!" दादा नुसता हसला. आईचं काही चाललं नाही.

मी तेव्हा घरातच होते. जाणार कुठे? लग्न झालं तेव्हा मी परकरात होते, आणि नवरा गेला तेव्हाही परकरातच. मग लाल आलवण, झाकलेलं डोकं आणि माहेरची चूल. माझ्याबद्दल घरात सगळ्यांचं एकमत होतं: हिची जीभ फार चालते. चालत होतीच. हातही चालत होते, ते मात्र कुणी बोलून दाखवत नसे. दादाच्या धंद्यातलं छाप काढायचं काम मी शिकून घेतलं. काचेवर माणूस उलटा उमटतो, गोरा काळा होतो आणि काळा गोरा. ती काच कागदावर दाबून लाकडी चौकटीत बसवायची आणि उन्हात ठेवायची, की कागदावर माणूस पुन्हा होता तसा होतो. त्या कागदाला अंड्याचं पांढरं लावलेलं असतं हे आईला कळलं तेव्हा तिने डोक्यावरून आंघोळ केली आणि मला बजावलं, "पुन्हा त्या कागदाला शिवलीस तर माझ्या चुलीला हात लावू नकोस."

"बरं," मी म्हटलं. "मग उद्यापासून भात तू लाव."

आईने तो विषय पुन्हा काढला नाही.

मुंबईत गाठीच्या तापाची, प्लेगची, साथ आली ते हे दिवस. कल्याणच्या स्टेशनात गाड्या थांबवून उतारूंना खाली घेत, काखा आणि जांघा चाचपत, आणि गाठ लागली की माणूस थेट छावणीत. छावणी गावाबाहेर, खाडीच्या अंगाच्या माळावर. तिच्यावरच्या साहेबाने दादाला बोलावणं धाडलं, की नव्या झोपड्या बांधल्या आहेत, त्यांचे फोटो वर पाठवायचे आहेत. दादा खुशीत गेला. सरकारचं काम होतं, कुणाला आनंद होणार नाही?

परत आला तो गप्प. एरवी दारातून आत येईतो दिवसभराची हकीकत सांगून मोकळा होणारा माणूस. त्या दिवशी ताटावर बसला आणि भात चिवडत राहिला. वहिनीने दोनदा विचारलं. शेवटी म्हणाला, "झोपड्या एका बाजूला आहेत. माणसं दुसऱ्या बाजूला."

"म्हणजे?"

"झोपड्यांच्या कुडाच्या भिंती अजून ओल्या आहेत म्हणे. फोटो होईपर्यंत आत कुणी जायचं नाही. माणसं उघड्या माळावर पडली आहेत उन्हात. पाण्याची पिंपं आहेत, मी वाकून पाहिलं. आत पाणी नाही."

"मग तू काय केलंस?" मी विचारलं.

"झोपड्यांचे फोटो काढले. मग साहेब जेवायला गेला तेव्हा कॅमेऱ्याची तिवई उचलली आणि तोंड माळाकडे केलं."

माझा हा भाऊ तसा भित्रा. पाल दिसली की पाटावर चढणारा. पण त्या दिवशी त्याच्या तोंडाकडे पाहून माझा ऊर भरून आल्यासारखा झाला, खोटं कशाला सांगू.

कुणीतरी चहाडी केली असणार, दुसऱ्याच दिवशी साहेबाचा शिपाई आला. सगळ्या काचा घेऊन कल्याणला हजर व्हा. दादाने झोपड्यांच्या नेल्या आणि संशय नको म्हणून माळावरची एखाददुसरी नेली. साहेबाने एकेक काच उजेडासमोर धरून पाहिली. झोपड्यांच्या ठेवून घेतल्या. माळावरच्या फरशीवर टाकल्या आणि बुटाच्या टाचेने चुरडल्या. मग हुकूम सांगितला: छावणीचं कसलंही चित्र साहेबाच्या सहीवाचून कुणी काढायचं नाही, जवळ ठेवायचं नाही, दाखवायचं नाही, जो दाखवील तो तुरुंगात जाईल.

"टाक बाबा, असतील त्या फोडून टाक," आई म्हणाली. "कुठली कोण माणसं! आणि घरात सुनेचे दिवस भरत आलेत."

"कुठली कोण कशी?" मी उसळून म्हटलं. "कल्याण काय विलायतेत आहे?"

 उरलेल्या काचा दादाने सागाच्या पेटीत ठेवल्या आणि पेटी अंधाऱ्या खोलीत सारली.

कळव्याची एक बाई आमच्याकडे कितीतरी वर्षं मीठ घालत होती. खाडी ओलांडून होडीने यायची, डोक्यावर पाटी, पाटीत खडे मीठ, आणि तोंडात अखंड बडबड. माझ्याशी तिचं पटायचं, कारण माप घालताना ती मला टोमणे मारायची आणि मी तिला. त्या आठवड्यात ती आली ती पाटीशिवाय. पडवीच्या पायरीवर बसली. पाणी दिलं ते हातातच धरून राहिली.

"ताई, फोटोवाले दादा छावनीत गेलते ना?"

"कुणी सांगितलं तुला?"

"सगल्यांना ठाऊक हाय. माजा मानूस तिथं होता."

मग तिने सांगितलं ते असं. नवरा तिचा मिठागरातला. बारा महिने खारट पाण्यात उभं राहून त्याच्या पायाला जखम झाली होती, आणि पायाच्या जखमेने जांघेत अवधाणाची गाठ आली होती. अवधाण कुणाला येत नाही? पायात काटा मोडून सडला तरी येतं. तो बदलापूरला बहिणीकडे निघाला होता, तिच्या गावचा वैदू औषध देतो म्हणून. कल्याणला खाली उतरवला, जांघ चाचपली, गाठ लागली, झालं. ही दुसऱ्या दिवशी भाकरी घेऊन गेली तर तिला कुंपणापाशीच अडवली. आणि नंतर कळव्याला पोलीस आला, की तुझा नवरा छावणीतून पळाला आहे, त्याला हजर कर.

"पलंल कसा?" ती म्हणाली. "त्याला पाय टेकत नव्हता, ताई. मी हात धरून गाडीत बसवला त्याला. सगल्या सोयऱ्यांकडं फिरले. कुनाकडंच नाय तो."

 ती माझ्याकडे पाहत होती. तिच्या कपाळावर ठसठशीत कुंकू होतं, आणि तिने बोटाने त्याच्याकडे दाखवलं.

"सासू म्हनते पूस. दीर म्हनतो जिता असंल तर अपशकुन करशील, पुसू नको. रोज सकाली करंडा उघडते नि हात थांबतो. मना तुमी सांगा. लावू का पुसू?"

हा प्रश्न मला कुणी कधी विचारला नव्हता. माझं पुसलं तेव्हा मी अंगणात सागरगोटे खेळत होते. मोठ्या बायांनी आत नेलं आणि पुसलं. मला कळायला मागाहून वर्षं गेली. आणि ही बाई रोज सकाळी करंडा हातात घेऊन बसत होती. त्या साहेबाचा मला असा संताप आला की तो समोर असता तर मी हातातला तांब्या त्याच्या डोक्यात घातला असता.

दादा ओसरीवरून सगळं ऐकत होता. पुढे येऊन म्हणाला, "बाई, माझ्याकडे काचा आहेत. माणसं पुष्कळ आहेत त्यांत. काचेवर ओळखू यायची नाहीत, छाप काढावे लागतील. दोन दिवसांनी ये."

त्याच संध्याकाळी वहिनीला कळा सुरू झाल्या.

वहिनी खरी माहेरी जायची होती, पण साथीत गरोदर बाईला गाडीत कोण बसवणार? म्हणून बाळंतपण आमच्याकडे, आणि तेही दिवस भरायच्या आधी. खोली रिकामी करायची एकच धांदल उडाली. बाटल्या, तबकं, कंदील सगळं पडवीत आलं. पेटी मात्र दादाने बाजेखाली, भिंतीच्या कडेला सारली. मला हळूच म्हणाला, "याहून चांगली जागा नाही. सोयर फिटेपर्यंत आत कुणी पाऊल टाकणार नाही." मलाही पटलं. वहिनीलाही त्याने सांगून ठेवलं, की पेटीकडे कुणाची नजर जाऊ देऊ नकोस. मुलगी झाली. आईने साखर वाटली आणि दार लोटून घेतलं.

आणि दादाचा अंदाज खरा ठरला. सोयरातच झडती आली. फौजदार, त्याच्याबरोबर दोन शिपाई. फौजदार आमच्या ओळखीचा. त्याच्या लग्नातला फोटो दादानेच काढलेला, आणि त्यात त्याची मिशी नीट आली नाही म्हणून त्याने तेव्हा केवढं रामायण केलं होतं. आता नजर चुकवत घरभर फिरला. ओसरी पाहिली, माळा पाहिला, पडवीतली तबकं उलटी करून पाहिली. मग माजघरात आला आणि त्या दाराशी थबकला.

"आत काय आहे?"

"बाळंतीण आहे," आई म्हणाली. "दुसरं काय असणार?"

"पाहावं लागेल, काकू. हुकूम आहे."

"पाहा की. कोण नको म्हणतंय? सोयर आहे, तेवढं ध्यानात ठेव. शिवलास तर विहिरीवर जा आणि मग घरी जा. आणि तुझ्या आईची माझी गाठ पडेल देवळात, तेव्हा मी सांगेन तिला, लेक तुझा परक्याच्या बाळंतिणीच्या खोलीत शिरतो म्हणून."

तेवढ्यात आतून बाळाने असा काही टाहो फोडला की शिपाईच मागे सरले. फौजदाराने मिशीवरून हात फिरवला आणि निघाला. गोरा साहेब बरोबर असता तर बुटांसकट आत गेला असता. त्या दिवसांत कुणाच्या माजघराची पत्रास राहिली होती? आमचं नशीब की तो कल्याणला अडकला होता. पुढे वहिनीने मला सांगितलं, की तिने पोरीला चिमटा काढला होता. "जन्मली नाही तोच कामाला लावलीत माझी लेक," ती म्हणाली, आणि आम्ही दोघी हसलो. तेव्हा हसू येत होतं.

सोयर फिटलं, बारसं झालं, आणि दादाने पेटी बाहेर काढली. मी माजघरात गहू निवडत होते. आतून आवाज आला नाही, म्हणून उठून पाहिलं तर दादा न्हाणीच्या काठावर बसलेला, मांडीवर पेटी उघडी, आणि हातात एक काच.

काचेवर सरसासारखा पातळ पापुद्रा असतो. सगळं चित्र त्या पापुद्र्यात. आणि बाळंतिणीच्या बाजेखाली काय असतं? शेगडी! दिवसभर फुललेली, वर ओवा आणि बाळंतशेपाची धुरी. कोपऱ्यात न्हाणी, तिथे सकाळ-संध्याकाळ कढत पाण्याचे हंडे ओतायचे, बाळंतिणीला आणि बाळाला न्हाऊ घालायचं, की खोलीत वाफ कोंडून राहते. दाराला फट नाही की वाफ बाहेर जाईल. दादाला ती खोली अंधाराची म्हणून ठाऊक होती. बाळंतीण आत असताना तिथे काय चालतं हे कुठल्या पुरुषाने पाहिलंय? आणि मी मूल न झालेली विधवा. मला नव्या बाळाच्या वाऱ्यालाही उभं करत नसत. ज्या दोघांना काचेची नाजूक जात ठाऊक होती ते दोघे दाराबाहेर. आत आई, जिला पेटीत काय आहे हे ठाऊक नव्हतं, आणि वहिनी, जिला वाटत होतं की काचेला भय फक्त नजरेचं. नजर पडू नये म्हणून बिचारीने पेटी ढकलत ढकलत अगदी शेगडीच्या आडोशाला नेली होती.

पापुद्रे वितळून ओघळले होते. माणसं ओघळली होती. एका काचेवर तर चुलीवरून उतू गेलेल्या दुधासारखा नुसता डाग. एकच काच बरीचशी धड होती, आणि तिचीही वरची कड गेलेली.

वहिनी बाळाला घेऊन दारात उभी होती. तिने पाहिलं आणि मट्कन खाली बसली. दादा लहान मुलासारखा रडायला लागला. मी त्याला रडू दिलं थोडं. मग म्हटलं, "झालं असेल तर ती काच इकडे दे आणि चौकट कुठे आहे सांग."

छाप काढायचा तर ऊन हवं, आणि ऊन म्हणजे अंगण. समोर पारावर एक शिपाई बसवून ठेवलेला, आमच्या दारावर नजर ठेवायला. मी आईला म्हटलं, यंदा पापड जरा लवकर करू या. सगळं अंगण मी उडदाच्या पापडांनी भरून टाकलं. खाटेवर पापड, सुपात पापड, आणि पापडांच्या ओळीत मध्येच ती चौकट, वर पातळ धोतराचा तुकडा टाकून. मी काठी घेऊन कावळे हाकत बसले. लाल आलवणातली बाई पापड राखत बसली आहे, याहून नजरेत न भरणारी गोष्ट या जगात नाही, हे मला चांगलं ठाऊक होतं. शिपाई उठून कुंपणाशी आला.

"ताई, घाई केलीत यंदा?"

"तुला हवेत म्हणून," मी म्हटलं आणि त्याला तेल लावून लाट्या दिल्या. तो खात खात पारावर गेला. कागद तोवर चांगला तापला होता.

दोन दिवसांनी येऊन सोयर पाहून परत गेलेली मीठवाली पुन्हा आली. तिला मी स्वयंपाकघराच्या मागच्या दाराशी बसवलं आणि छाप तिच्या हातात दिला. माळावर माणसांची ओळ. वरच्या कडेला चेहऱ्यांच्या जागी नुसते ओघळ. पण धडं होती, पाय होते. सगळी माणसं जराजरा पुसट आलेली, कारण फोटो घेताना कुणी माश्या हाकत होतं, कुणी कूस बदलत होतं. ओळीतला शेवटचा तेवढा स्वच्छ. छातीपर्यंत वाकळ, वाकळीचा टाका न् टाका मोजून घ्यावा असा, आणि बाहेर आलेल्या पायाला चौकड्याची चिंधी.

तिचं बोट सरळ तिथे गेलं.

"ही माजी वाकल," ती म्हणाली. "हा चौकड्याचा तुकडा. कापड पुरलं नाय म्हनून मी तिरका लावला. ह्याच कापडाची चिंधी पायाला बांदली मी, गाडीत बसवन्याआदी."

मग तिने दादाकडे पाहिलं. "ह्यो येवडा साफ कसा आला, दादा? बाकीचे असं इसकटलेत."

दादाने मान खाली घातली. त्याला सांगवत नव्हतं, दिसत होतं मला. पण त्याने सांगितलं. "बाई, फोटो घेताना जो हलतो तो पुसट येतो. श्वास घेतला तरी पांघरूण हलतं. हा हलला नाही. मी तिवई लावत होतो तेव्हा तिथला माणूस मला म्हणाला होता, शेवटच्याला न्यायला गाडी यायची आहे. तो कोण, हे मला माहीत नव्हतं."

मला वाटलं आता ही हंबरडा फोडेल. मी मागचं दार ओढून घ्यायला उठलेसुद्धा. पण तिचा हात कपाळाकडे गेला आणि अर्ध्यातून परत आला.

"आता नाय," ती म्हणाली. "त्यो पलाला म्हनून त्यांनी लिवलंय. आदी ते खोडूदे."

माळावरच्या कागाळ्या मुंबईपर्यंत गेल्या होत्या, आणि मुंबईहून एक मोठा साहेब ठाण्याच्या कचेरीत बसून ज्याची त्याची तक्रार ऐकणार होता. मीठवाली जाणार होती. प्रश्न दादाचा होता. छाप पुढे करायचा म्हणजे हुकूम मोडला हे आपल्या तोंडाने सांगायचं. धंदा जाणार, कदाचित तुरुंग. घरात तान्ही मुलगी. दादा दोन दिवस येरझारा घालत होता.

वहिनी एकदाच बोलली. "ती काच माझ्या अंगाखाली विस्तवाशेजारी पडून होती, आणि मी तिच्यासाठी पोरीला चिमटा काढलाय. आता तुम्ही ती लपवून ठेवणार असाल तर मला सांगा, मी जाते घेऊन."

"मी येते बरोबर," मी म्हटलं. "छाप मी काढलाय. त्यात काही खोटं मिसळलेलं नाही हे मीच सांगायला हवं."

"तू? कचेरीत?" आई किंचाळली. "अगं, लोक तोंडात शेण घालतील!"

"घालू देत. गोठ्यात घरचंच आहे, बाहेरचं आणायला नको."

कचेरीत त्या दिवशी गर्दी होती. मला पाहून कारकुनांनी आधी माना वळवल्या आणि मग कुजबुज सुरू केली. मोठा साहेब उंच, थकलेला, घामाने डबडबलेला. छावणीचा साहेब त्याच्या बाजूला खुर्चीत. मध्ये शिरस्तेदार, इकडचं तिकडे सांगायला. मीठवालीने आपलं सांगितलं. दादाने छाप टेबलावर ठेवला. बाकीचे हललेत, हा हलला नाही, हे त्याने बोट ठेवून दाखवलं. मी आलवणाचा पदर पुढे ओढून म्हटलं, की छाप मी काढला, काचेवर होतं तेवढंच कागदावर आहे.

छावणीचा साहेब हसला. त्याचं बोलणं शिरस्तेदाराने मराठीत सांगितलं: चित्र हुकूम मोडून ठेवलेलं आहे, याचं पुढे पाहता येईल. पण यात चेहरा कुठे आहे? वाकळ कुणीही पांघरेल. दप्तरात हा इसम पळाला असं आहे. बाई भरपाईच्या आशेने कुठलंही प्रेत आपलं म्हणेल.

मोठ्या साहेबाने छाप पुन्हा उचलून पाहिला आणि काही विचारलं. शिरस्तेदार मीठवालीकडे वळला. "साहेब विचारतात, हा तुझाच नवरा, असं तू देवाची शपथ घेऊन सांगशील का?"

ती टेबलापाशी गेली. त्या गर्दीत ती फार लहान दिसत होती. म्हणाली, "देवाची कशाला?"

आणि तिने पदराचं टोक हातावर घेतलं आणि सगळ्या कचेरीसमोर आपलं कुंकू पुसलं. हळू नाही, घाईने नाही; नीट, कडेपर्यंत. मग दोन्ही मनगटं टेबलाच्या काठावर आपटली. हिरव्या बांगड्यांच्या काचा फोटोवर, कागदांवर, फरशीवर उडाल्या.

कारकुनांचे टाक थांबले. माझ्या मागे कुणीतरी "अरे देवा" म्हटलं. मोठा साहेब गोंधळून शिरस्तेदाराकडे पाहत होता, हे काय, हे काय म्हणून. आणि शिरस्तेदाराच्या तोंडातून शब्द फुटेना. पिकलेला माणूस, डोळ्यांत पाणी, उभा आपला.

मग मीच बोलले. माझा आवाज मला ओळखू येत नव्हता. "सांगा ना साहेबांना! सांगा, की बाई हे जन्मात एकदाच करते, आणि बहुतेकींना तर दुसऱ्याच करतात. सांगा, की हिचं खोटं असेल आणि नवरा उद्या दारात उभा राहिला, तर हिला जीव द्यायलासुद्धा खाडी पुरायची नाही. यापुढची शपथ आमच्यात नाही. असली तर साहेबांनी सांगावी."

शिरस्तेदाराने डोळे पुसले आणि सांगितलं. किती सांगितलं आणि कसं सांगितलं, मला इंग्रजी कुठे येतं? पण मोठ्या साहेबाने टोपी काढून ठेवली आणि छापावरच्या फुटक्या काचा हाताने बाजूला केल्या. मग त्याने छावणीच्या साहेबाला काहीतरी विचारलं, आणि विचारताना त्याचं बोट ओळीतल्या बाकीच्या माणसांवरून एकेक करत फिरत होतं. छावणीचा साहेब आता हसत नव्हता.

"पळाला" हे खोडलं आणि "मयत" लिहिलं, ते तिच्यासमोर. माळावरची माणसं झोपड्यांत गेली, पिंपांत पाणी आलं. दादाने हुकूम मोडला तो मोडलाच. त्याच्या दुकानाला कुलूप लागलं आणि कॅमेरा, तिवई, बाटल्या सगळं उचलून नेलं. छाप साहेबाने दप्तरात ठेवून घेतला. काच मात्र कुणाला सापडली नाही. ती चौकटीत होती, आणि चौकट पापडांच्या डब्यामागे.

तिच्या नवऱ्याचा देह मिळणार नव्हता. अशा वेळी पळसाच्या पानांचा पुतळा करून त्याला अग्नी देतात. ती आली आणि म्हणाली, पुतळ्यावर ठेवायला मला तो कागद द्या. दादा चपापला. ज्या चित्रापायी त्याचं सगळं गेलं होतं ते ही बाई जाळायला मागत होती. मी त्याच्याकडे पाहिलं, त्याने मान हलवली, आणि मी लपवून ठेवलेल्या कागदावर नवा छाप काढून तिच्या ओच्यात घातला. आम्ही दोघे खाडीकाठी गेलो होतो. पानांच्या छातीवर तिने तो ठेवला, कागदातल्या वाकळीवरून एकदा हात फिरवला, आणि दिराला म्हणाली, "लाव आता."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी सडा घालायला बाहेर आले तर पायरीवर एक बाई बसलेली. दिवा गावाहून चालत आली होती, पायांवर धूळ. माझ्याकडे पाहून उठली. म्हणाली, "माजा भाव त्या छावनीत होता. पलाला म्हनतात. तुमच्याकडं कागद हाय ना?"

बाकीचे पुसट आहेत, चेहरे ओघळलेत, काही दिसायचं नाही तुला, हे सगळं माझ्या जिभेवर आलं होतं. मी आत गेले आणि डब्यामागून चौकट काढली.

"बस," मी तिला म्हटलं. "ऊन वर येऊ दे. मग पाहू दोघी."